मा. आरोग्यमंत्री, आधी त्या दाराचं कुलूप काढा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले होते. त्यांचं वय ७८. आषाढात लकवा मारला, तेव्हापासून उजवी बाजू गेली आहे. चौघांनी गोधडीत धरून वडापच्या जीपमध्ये चढवलं. जीपवाल्याने ९०० रुपये घेतले. दवाखान्यात ‘ज्येष्ठ नागरिक तपासणी, दर गुरुवारी’ अशी पाटी आहे आणि पाटीखालच्या दाराला कुलूप होतं. दोन तासांनी कळलं, डॉक्टर मीटिंगला गेलेत, पुढच्या गुरुवारी या. तेवढा वेळ आत्या जखमेवरच पडून होत्या.

ती जखम कशी झाली तेही ऐका. लकव्यानंतर घरी सोडताना आम्हाला फक्त गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. दीड महिन्याने चादर बदलताना हाताला ओल लागली. बघते तर माकडहाडावर रुपयाएवढं कातडं गेलेलं. मी हळद भरली. आज ती जखम तळहाताएवढी आहे. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, हे मला त्या गुरुवारी बाकावर शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं. मी दहावी शिकलेली आहे, साहेब. एकदा कुणी दाखवलं असतं तर मला जमलं असतं. आत्या कण्हतात तेव्हा हेच मनात येतं.

माझ्या मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांनी जायचं, घरच्यांना शुश्रूषा शिकवायची, असं त्यात लिहिलंय. आमच्या घरी कोण आलं? आशाताई येते, तीही तिच्या मायेने. गरोदर बायका, लसीकरण, टीबी, सर्व्हे हे सगळं तिच्याच डोक्यावर. तिच्या पिशवीत ड्रेसिंगची पट्टीसुद्धा नसते, तिला काय बोलू?

आत्यांना महिना १५०० रुपये श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे मिळतात. डायपरलाच ३६०० लागतात. माझं शिलाई मशीन आषाढापासून बंद आहे, ब्लाउजची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट केलीत, पण आत्यांना उंबरा ओलांडता येत नाही. म्हाताऱ्यांसाठीच्या वयोश्री योजनेचे ३००० एकदाच. सत्तरीपुढच्यांना ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचाराचं कार्ड दिलंत, ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. घरात पडलेल्या माणसासाठी काय आहे? केरळात अशा माणसांच्या शुश्रूषेचं २००८ पासून धोरण आहे, तिथे पंचायतीतर्फे नर्स घरी येऊन जखम धुते. ते राज्य याच देशात आहे ना?

आमच्या गावात वाड्यावस्त्या धरून अशी १४ माणसं अंथरुणाला आहेत, मी घरं मोजली. राज्यात ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास. गुणा. चार लाखांच्या घरात जातात. हिशेब ढोबळ आहे, पण तुमच्या खात्याकडे याहून चांगला असेल तर जाहीर करा. आणि त्या प्रत्येक खाटेशेजारी एक सून नाहीतर लेक उभी आहे, तिची नोंद कुठल्या रजिस्टरला आहे? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठी केलेल्या २००७ च्या कायद्यात आईबापाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. जी सांभाळते, तिच्यासाठी त्या कायद्यात एक ओळ दाखवा! बायका करतातच, म्हणून सगळ्या सरकारांनी हे गृहीत धरलं. पक्ष कुठलाही असो.

माझं मागणं मोठं नाही. आठवड्यातून एकदा नर्स घरी पाठवा. लकव्याचा माणूस घरी सोडताना घरच्या एकाला अर्धा तास बसवून कूस बदलायला, भरवायला, जखम धुवायला शिकवा. आणि ती खोली गुरुवारी उघडी ठेवा.

येत्या गुरुवारी आत्यांना आणणार नाही. त्यांना आता तो प्रवास सोसायचा नाही. मी एकटीच येऊन त्या दारासमोर बसणार आहे, सकाळी दहा वाजता.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक सून