खड्डे मोजता, माती कोण मोजणार?

संपादक महाशय,

डोंगरावरच्या वृक्षलागवडीची कालच्या अंकातली बातमी वाचली. खड्डे किती, रोपं किती, सगळं आलं. मातीबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे पत्र.

आमचं गाव त्र्यंबकेश्वरच्या अंगाला. गावामागच्या उतारावर आम्ही अकरा वर्षं चराईबंदी पाळली, वणवा लागू दिला नाही. रोप एकही लावलं नाही. गवतात आधी नुसती कुसळी होती, मग पवन्या आला, मागून करवंद, कारवी. गवताची बारीक मुळं दरवर्षी जागच्या जागी कुजतात, त्यातून मातीत कर्ब (कार्बन) साठतो. नत्र (नायट्रोजन) त्याच्या सोबतच राहतं, कारण मातीतलं 90 टक्क्यांहून अधिक नत्र सेंद्रिय पदार्थातच बांधलेलं असतं. वणव्यात दोन्ही धुराबरोबर जातात. राखेत पालाश (पोटॅश) उरतो, नत्र नाही. म्हातारी माणसं उन्हाळ्यात त्या उतारावर राखणीला बसायची, ती यासाठीच.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिथे जेसीबी आला. झाडं लावायला सलग चर खणले. वरची वीतभर काळी माती खाली आणि मुरूम वर. पहिल्याच पावसात ओहोळ गढूळ झाला आणि ती माती गेली. उघडी पडलेली माती नुसती वाहत नाही. तिच्यातला कर्बही हवेत जातो. अकरा वर्षांचं साठलेलं एका पावसाळ्यात गेलं. मग तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावला, कारण काय तर नत्र वाढतं. वाढतं, मान्य आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरलं जातं, उघड्याबोडक्या मुरमावर तो लावाच. पण भरल्या गवतात कशाला?

चर खणायच्या आधी मी त्या उताराची माती तपासायला नेली होती. अर्जात रकाना: पीक कोणतं? मी लिहिलं, डोंगर. पिशवी परत हातात दिली. शेताला 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, त्यात 12 घटक तपासतात. ज्या डोंगराची माती आमच्या खाचरात उतरते, त्याला काहीच नाही. आज माझ्याकडे दाखवायला एक आकडा नाही. तो नमुना घेतला असता, तर काय गेलं ते कागदावर राहिलं असतं. यापुढे कुदळ मारण्याआधी कर्ब आणि नत्र मोजा, पाच वर्षांनी पुन्हा मोजा, आणि ते आकडे छापा.

आणखी एक. इथल्या अंजनेरी डोंगरावरच्या फुलांचे फोटो छापताना तिथवर जायची वाट छापू नका. अंजनेरीच्याच नावाची कंदीलपुष्पाची जात तिथे खडकावरच्या बोटभर मातीत उगवते. मागच्या वेळी तुमच्या पुरवणीत वाट छापून आली आणि पुढच्याच रविवारी ती माती बुटांखाली गेली. फुलांचा हंगाम आता तोंडावर आहे.

आपला,
एक वाचक, त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक