चार आकड्यांचा खेळ

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, चार आकडे ओळखायचा आपला तो खेळ नशिबाचा की त्यामागं काही गणित आहे? हे तोंडी सांगून भागणारं नव्हतं, म्हणून पत्र लिहितोय. शेजारी पेन्सिल आणि कोरा कागद घेऊन बस.

नियम तुला पाठ आहेत, तरी घोळ नको म्हणून एकदा मांडतो. एकानं ० ते ९ मधले चार वेगवेगळे आकडे मनात धरायचे, शून्य पहिलं आलं तरी चालेल. दुसऱ्यानं चार आकडे सांगायचे. उत्तर दोनच गोष्टींचं: किती आकडे जागेवर आहेत, आणि किती आहेत पण जागा चुकली आहे. 'जागेवर' आणि 'नुसता आहे', हॉस्टेलवर आपण असंच म्हणायचो.

अशा संख्या एकूण किती? १० × ९ × ८ × ७, म्हणजे ५०४०. आणि उत्तरं फक्त चौदा प्रकारची. पंधरावं, 'तीन जागेवर, एक नुसता आहे', कधीच येऊ शकत नाही, कारण तीन आपापल्या जागी बसले की चौथ्याला एकच जागा उरते. म्हणजे प्रत्येक प्रश्न त्या ५०४० संख्यांचे फार तर चौदा ढीग करतो. मनातली संख्या कोणत्या ढिगात आहे, एवढंच आपल्याला कळतं. बाकीचे ढीग तिथंच बाद.

आता मला या खेळात सगळ्यात आवडणारी गोष्ट. समज तू १२३४ विचारलंस आणि समोरच्यानं सांगितलं, "काहीच नाही." आपण पोरं तेव्हा हिरमुसायचो ना? पण मोजून बघ. हे चारही आकडे गेले, उरलेल्या सहांतून चार निवडायचे: ६ × ५ × ४ × ३, म्हणजे ३६०. एका फटक्यात ४६८० संख्या बाद! उलट "दोन आहेत, पण जागा चुकली" असं ऐकून आपण खूश व्हायचो, आणि तेव्हा शिल्लक असतात १२६० संख्या. "एक नुसता आहे" हे सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर, त्यात तर १४४० उरतात. "काहीच नाही" हे उत्तर म्हणजे घबाड आहे, दत्ता. ते ऐकल्यावर डोळ्यांत चमक आली पाहिजे.

पहिला प्रश्न कोणता विचारायचा यावर आपण किती भांडायचो! त्याला काही अर्थ नव्हता. १२३४ म्हण की ७९०२ म्हण, सुरुवातीला सगळे आकडे सारखेच अनोळखी, त्यामुळे ढीग तेवढेच पडतात. खरं डोकं दुसऱ्या प्रश्नापासून लागतं.

आणि शेवटी तर फारच. समज पहिले तीन आकडे १, २, ३ जागेवर आहेत हे पक्कं झालं. चौथा ५, ६, ७, ८, ९ यांतला एक, म्हणजे ० आणि ४ बाद. बहुतेक जण १२३५, १२३६, १२३७ असं करत सुटतात. नशीब फिरलं तर पाच प्रश्न. त्याऐवजी ६७०५ विचार. ही संख्या उत्तर असूच शकत नाही, तरी विचार. "एक जागेवर" म्हणाला तर चौथा आकडा ५. "एक नुसता आहे" म्हणाला तर ६ किंवा ७. "काहीच नाही" म्हणाला तर ८ किंवा ९. हा प्रश्न धरून तीन प्रश्नांत खेळ संपलाच, वाईटातलं वाईट झालं तरी. बरोबर येण्याचा मोह सोडून विचारलेला हा प्रश्न मला फार सुंदर वाटतो. ज्यांना हा खेळ शिकवतो त्यांना आधी हाच दाखवतो.

यावर मोठमोठ्या माणसांनी डोकं लावलंय. तुझ्या भाच्याकडे रंगीत खुंट्यांचा 'मास्टरमाइंड' आहे ना, तो याचाच भाऊ. मॉर्डेकाय मेइरोविट्झ या इस्रायली गृहस्थांनी १९७० मध्ये तो रचला. आकड्यांचा खेळ मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. खुंट्यांच्या खेळात सहा रंग, चार भोकं आणि रंग पुन्हा वापरायची मुभा, म्हणून ६ × ६ × ६ × ६ = १२९६ शक्यता. डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की पाच चालींत कोणतीही रचना हमखास ओळखता येते. त्यांची युक्ती आपल्या ढिगांचीच. प्रत्येक संभाव्य प्रश्नाचा सगळ्यात मोठा ढीग बघायचा, आणि ज्याचा मोठा ढीग सगळ्यात लहान, तो प्रश्न विचारायचा. त्या हिशेबानं पहिली चाल ११२२, कारण तिचा मोठ्यात मोठा ढीग २५६ चा. ११११ विचारलं तर तोच ६२५ चा होतो. उत्तर असू न शकणारी चाल त्यांच्या पद्धतीतही चालते, आपल्या ६७०५ सारखी.

आपल्या चार वेगळ्या आकड्यांच्या खेळात, नीट खेळलं तर सात प्रश्न पुरतात, संख्या कोणतीही असो. चारांत हमखास जमणं मात्र अशक्यच: तीन उत्तरांचे प्रकार फार तर १४ × १४ × १४ म्हणजे २७४४, आणि संख्या ५०४०. कोणी 'मी नेहमी चारांत ओळखतो' म्हणाला तर त्याला हा गुणाकार दाखव.

आता तुझी पाळी. मी एक संख्या धरली आहे. तुझे प्रश्न मीच विचारून टाकतो:

१२३४ : काहीच नाही.
५६७८ : दोन नुसते आहेत, जागेवर एकही नाही.
९०५७ : एक जागेवर, दोन नुसते.
०९५६ : दोन जागेवर, दोन नुसते.

पहिल्या उत्तरानंतर ३६० उरतात, दुसऱ्यानंतर ८४, तिसऱ्यानंतर २१. चौथ्यानंतर एकच. दुसऱ्या ओळीपाशी जरा थांब, ९ आणि ० बद्दल ती काय सांगते ते बघ, म्हणजे पुढं सोपं जाईल. उत्तर कळव, पण नुसती संख्या नको. कोणता आकडा कुठून का हलला, तेही लिही. वहिनींना आधी काही सांगू नकोस, त्या तुझ्याआधी सोडवतील.

काकांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल