मी घोड्यावर बसणार नाही, त्याबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तुला घोड्यावर बसवतेच." मी हसून विषय बदलला, कारण बाबा शेजारीच बसले होते आणि त्यांना चिडवायला आयतं निमित्त मिळालं असतं. म्हणून लिहून कळवते. मी बसणार नाही. हट्ट करू नकोस.

भीती कसली, असं तू विचारलंस. आमच्या गल्लीत एकदा वरात चालली होती आणि कुणीतरी फटाक्यांची लड घोडीच्या पायाशी टाकली. घोडी उधळली. नवरदेव मुंडावळ्यांसकट अयाळीला लोंबकळत चौकापर्यंत गेला. लागलं कुणालाच नाही, लोक तर पोट धरून हसत होते. मला मात्र त्या घोडीचे डोळे दिसले होते, पांढरे झालेले. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. दचकला की आधी पळणार, कशाला दचकलो ते मग बघणार. माझाही स्वभाव तोच. दोन भित्र्यांनी एकमेकांच्या भरवशावर राहू नये, एवढंच माझं म्हणणं.

पण यावरून मला घोड्यांचं वावडं आहे असा अर्थ तू काढलास, तो खोटा. लग्न होऊन शहाद्याला आले तेव्हापासून मार्गशीर्ष लागला की माझं चित्त तापीकाठच्या सारंगखेड्यात असतं. बाबा एकमुखी दत्ताच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहतात, मी दर्शन उरकून घोड्यांच्या बाजारात. मारवाड, काठियावाड, पंजाब, कुठून कुठून व्यापारी येतात. कुमैत, अबलख, नुकरा, पंचकल्याणी ही घोड्यांच्या रंग-खुणांची नावं मी तिथेच कानांनी शिकले. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग अंगावरचे केसांचे भोवरे. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असला की मालकाचा आवाज लगेच चढतो. भोवऱ्यावरून घोड्याचं नशीब कसं कळतं ते मला आजवर पटलेलं नाही, पण ते लोक ज्या गंभीरपणे बोटाने केस बाजूला सारून बघतात ते बघण्यासारखं असतं.

मी बघते कान. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना जवळजवळ टेकतात, आणि दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एक कान मालकाकडे, दुसरा मागच्या चहाच्या टपरीकडे. कान मागे चिकटवून मानेला लावले की समजावं, स्वारी रागावली आहे, आपण दोन पावलं सरकावं. दुपारी गर्दी ओसरली की ती जनावरं उभ्याउभ्या डुलकी घेतात. मागचा एक पाय सैल, खुराचं टोक नुसतं जमिनीला टेकलेलं, खालचा ओठ लोंबलेला. थोड्या वेळाने भार दुसऱ्या पायावर. मालक बाजेवर घोरतोय आणि शेजारी एवढं साडेतीनशे-चारशे किलोचं धूड पापण्या मिटून उभं. वर बसणाऱ्याला यातलं काय दिसतं सांग? दोन कानांची मागची बाजू आणि अयाळ.

नाचे घोडे मात्र मी बघत नाही. ढोलाच्या तालावर बाजेवर चढवतात, लोक नोटा ओवाळतात, आणि घोड्याचे कान मी म्हटलं तसे मागे. तुझे काका म्हणतात, त्याला सवय असते. असेल.

मला सगळ्यांत आवडलेला घोडा मात्र सारंगखेड्याचा नाही. आजीबरोबर वारीला गेले होते तेव्हा सदाशिवनगरला माउलींचं गोल रिंगण पाहिलं. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही, कारण त्यावर माउली बसलेले असतात. टाळ-मृदंग टिपेला पोहोचले आणि तो रिकाम्या पाठीचा घोडा सुटला. खोगिरावर कुणी नसताना तो इतका सरळ, इतका भरधाव गेला की माझ्या पायांखालची जमीन थरथरली. तो गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावली. आजीने मलाही लावली. एवढ्या हजारो माणसांत त्या घोड्यावर बसावं असं एकाच्याही मनात आलं नसेल. सगळे नुसते बघत होते आणि कुणाला काही कमी पडलं नव्हतं. तिथे मला माझ्यासारखी माणसं भेटली म्हण.

तू मात्र शीक. तुझ्या अंगात ते धाडस आहे, ते माझ्याकडून आलेलं नाही, आणि मला त्याचा आनंदच आहे. फक्त चार गोष्टी ऐक, भित्र्या माणसाला धोके आधी दिसतात. हेल्मेटशिवाय बसू नकोस, मैदानात नुसती फेरी मारायची असली तरी. टाच असलेले बूट घाल, सपाट चपलेचा पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडल्यावर माणूस फरफटतो. घोड्याच्या शेपटीमागून जाऊ नकोस, तिथलं त्याला दिसत नाही. थेट कपाळासमोरूनही नको, तिथेही त्याला अंधारच. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. आणि उतरलीस की लगेच मोबाइल काढायचा नाही, आधी मोतद्दाराबरोबर, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाबरोबर, उभी राहून खरारा कर. ज्याच्या पाठीवर तासभर बसलो त्याचं एवढं तरी करावं.

दत्तजयंतीला नक्की ये, दोन दिवस जास्तच काढून ये. तू वाटेल तो घोडा फिरव, मी कुंपणाबाहेर उभी राहीन आणि तुझी पिशवी धरीन. बाबांना या पत्रातलं वरातीचं सांगू नकोस.

तोवर तुझ्या त्या नव्या घोडीचा फोटो पाठव. मागच्या वेळी पाठवलास त्यात सगळी तूच होतीस. कान नीट दिसतील असा काढ.

तुझी,
आई