मावशी, पुढं काय झालं ते सांगते

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

हे उघड पत्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. तरी लिहिते.

2025 च्या सप्टेंबरात जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि आमच्या गोदाकाठच्या शिवारात नाल्यानं उलटं पाणी शिरलं. काढणीला आलेलं सोयाबीन बुडालं. पाणी ओसरलं तेव्हा शेंगांना झाडावरच कोंब आलेले, मुठीत घेतलं की नुसता काळा चिकट लगदा. भेटायला येणारा प्रत्येक जण 'देवाची मर्जी' म्हणून जात होता. तुम्ही अंबडहून चिखल तुडवत आलात आणि तसं काही बोलला नाहीत. पदर खोचून घरातला गाळ काढू लागलात.

रात्री बायबल उघडलंत ते हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. तुम्ही यांना म्हणालात, "अंजीर-द्राक्षं राहू द्या. तुमचं काय गेलं ते म्हणा." हे बराच वेळ गप्प. मग एकेक निघालं: सोयाबीन, कपाशी, कडबा, दोन शेळ्या, मोटारीचा स्टार्टर. देवासमोर नुकसान असं मोजून मांडता येतं, हे आम्हाला नवीनच होतं. आम्ही आपले 'अन्न-वस्त्र दिलंस, उपकारी आहोत' म्हणून आमेन करून मोकळे होणारे.

तिथून तुम्ही सवय लावलीत. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत एका माणसाचं नाव घेऊन उपकार मानायचे, मोघम चालणार नाही. पहिलं नाव शेजारच्या चाचांचं आलं, त्यांनी ट्रॅक्टर लावून आमची गाभण म्हैस चिखलातून ओढून काढली होती. मग खांबावर चढलेला वायरमन. मग तलाठी. (तलाठ्यावर यांचा जीव नाही, पण पंचनाम्याला बिचारा त्या रेंद्यात आला होता, ते कबूल करावं लागलं.)

पुढची गोष्ट जास्त अवघड होती. देवाला सांगितलं ते त्या माणसालाही सांगा, म्हणालात. आता आपल्याकडं शेजाऱ्याला 'आभारी आहे' म्हणणं म्हणजे त्याला परकं करणं. चाचा रागावलेच असते. त्यावर तोडगाही तुमचाच: आभार म्हणू नका, पुढं काय झालं ते जाऊन सांगा. म्हैस व्यायल्यावर मी खरवस घेऊन गेले. "चाचा, तुम्ही काढलेली म्हैस व्याली. पारडी झाली." ते "अच्छा हुआ" एवढंच म्हणाले आणि वाटी परत देताना तिच्यात गूळ घातला.

लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि येशूकडं एकच परत येतो, तोही शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कृतघ्न, असंच मी लहानपणापासून धरून चालले होते. आता वाटतं, त्यांनीही घरी जाऊन मनातल्या मनात उपकार मानले असतील. माघारी चालत मात्र तो एकटाच आला.

चर्चमध्ये पीक अर्पण करायच्या हंगामाच्या सणाला न्यायला आमच्याकडं काही नव्हतं. "जे पिकलं ते आणा," म्हणालात. वेदीपुढं भोपळे, बाजरीची कणसं, अंडी आणि त्यांच्या शेजारी आमची काळ्या सोयाबीनची पिशवी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्पणांच्या लिलावात तुम्ही ती पन्नास रुपयांना घेतलीत. तुमच्या कोंबड्यांनीही तिला तोंड लावलं नाही म्हणे!

आता तुमच्याच रीतीनं पुढचं सांगते. त्या दिवसांत हे जेवत नव्हते, रात्री उठून बांधावर जाऊन बसायचे. आपल्या भागात अशा वेळी बायकोच्या मनात काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही न विचारता मुक्काम वाढवलात आणि दाराशी अंथरूण टाकलंत. का, ते मी ओळखलं होतं. त्यावर आपण दोघी एक शब्द बोललो नाही.

पाणी हटल्यावर हरभरा पेरला, घाटे भरलेत. हे रात्री रानडुकरांच्या राखणीला एकटे जातात आणि मी घरी झोपते. प्रार्थनेत नाव घ्यायची पाळी चुकली तर आता हेच भांडतात. रविवारची उपासना झाली की तशाच इकडं या, हरभरा भाजू. चाचांनाही बोलावलंय.

तुमची,
गोदाकाठची भाची