मागच्या केसांचा हिशेब

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. आई आणि आण्णा यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलायला लागलात आणि मला कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. आण्णांचं म्हणणं, मामाच्या ओळखीच्या ठिकाणी सत्तर हजारांत केस लावून मिळतायत तर हा पोरगा डॉक्टर काय धुंडाळत बसलाय. आईचं म्हणणं, मेलं ते डोकं, आहे तसं राहू दे, पेपरात काय काय येतंय. केस लावून घ्यायचे हे माझं ठरलंय, त्यावर आता वाद नको. पण कुणाकडून आणि कुठल्या पद्धतीनं, हे मी कसं ठरवलं ते तुम्हाला कळायला पाहिजे, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी आईचं. आई, तू वाचलेलं खोटं नाही. २०१९ मध्ये मुंबईत एक व्यावसायिक केस लावून घेतल्यावर दगावला. एकाच बैठकीत त्याच्या डोक्यात नऊ हजारांवर ग्राफ्ट बसवल्याचं बातम्यांत आलं होतं. ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा मुळासकटचा गुच्छ. एवढे गुच्छ काढून पुन्हा लावायचे म्हणजे तासन् तास काम आणि भूल वाढवत न्यायची. हे ऑपरेशन जागेपणीच होतं, डोक्याची कातडी बधिर करून. पण बधिर करणाऱ्या त्या लिग्नोकेनच्या इंजेक्शनलाही वजनाप्रमाणे मर्यादा असते, आणि क्वचित कुणाला औषधाची जोरात ॲलर्जी येते. म्हणून मी तीन गोष्टी बघितल्या. ऑपरेशनआधी रक्ताच्या तपासण्या आणि बीपी बघतात का, खोलीत ऑक्सिजन आणि तातडीची औषधं आहेत का, आणि काही झालंच तर जवळचं आयसीयू कुठलं, हे विचारल्यावर डॉक्टर चिडतात की सांगतात.

डॉक्टर कोण, याचाही आता नियम आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये सूचना काढल्या की हे काम प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग या विषयांत रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनी करावं. नुसतं कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकलेलं चालणार नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर घालून बघता येतो. मी जिथं जिथं गेलो, तिथल्या पाटीवरचं नाव आधी तिथं तपासलं.

आता आण्णा, मामाचं ठिकाण. मी जाऊन आलो. एसी, सोफा, भिंतभर आधीचे आणि नंतरचे फोटो. डॉक्टर भेटलेच नाहीत. हातात टॅब घेतलेल्या एका मुलीनं माझं डोकं लांबूनच बघितलं आणि म्हणाली, “सर, ग्रेड फोर. चार हजार ग्राफ्ट, एका दिवसात.” मग काजळाच्या पेन्सिलीनं तिनं कपाळावर एक सरळ आडवी रेघ मारली, भुवयांच्या इतकी जवळ, की आरशात मला माझा दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो दिसला. डॉक्टर कधी भेटतील म्हटलं तर “सर ऑपरेशनच्या दिवशी येतात.” गुच्छ बसवायच्या चिरा कोण पाडणार म्हटलं तर “आमची टीम एक्सपर्ट आहे.” वर दसऱ्यापर्यंत ऑफर, आणि रोख दिले तर जीएसटी नको. केस लावण्याला बाकीच्या उपचारांसारखी जीएसटीची माफी नाही, हे मला तिथंच कळलं. म्हणजे पावती नाही, आणि उद्या काही बिनसलं तर मी तिथं गेलो होतो याचा कागदही नाही. तिथंच केस लावून घेतलेल्या मामाच्या मित्राच्या मुलाचं डोकं आज छान दिसतंय, मान्य. त्याला करून सात-आठ महिनेच झालेत, आणि तो सव्वीस वर्षांचा आहे. तो चाळिशीत कसा दिसेल ते बघायला पाहिजे.

का, ते सांगतो. आण्णा, तुम्ही विचारलं होतं ना, की पुढचे गळले तर मागचे पुढं लावून तेही गळणार नाहीत कशावरून? न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइश यांनी हेच तपासलं. १९५० च्या दशकात त्यांनी केसांची जागा बदलून बघितली आणि १९५९ मध्ये ते छापलं. मागचा केस कुठंही लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो. गळायचं की टिकायचं हे तो आपल्या मुळातच घेऊन येतो. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

पण मागचा केस काढला की तिथं दुसरा उगवत नाही. उसाचं बेणं कमी पडलं तर आपण पाटलांच्या शेतातून आणतो. इथं बेणं फक्त आपल्याच अंगाचं चालतं, आणि तेही मुख्यतः दोन कानांच्या मधल्या मागच्या पट्ट्यातलं. दुसऱ्याचे केस लावले तर शरीर ते ठेवून घेत नाही. तेव्हा प्रश्न आज किती केस बसतील हा नाही, जन्मभरासाठी किती आहेत आणि त्यातले आज किती काढायचे हा आहे. मामाच्या ठिकाणी हा प्रश्न कुणी काढलाच नाही. चार हजार पुढं लावून टाकले आणि पंधरा वर्षांनी मधला भाग उघडा पडला, तर कपाळावर केसांची पट्टी, तिच्यामागं मैदान आणि मागं काढायला काही शिल्लक नाही. अशी दोन डोकी मी शिरोलीतच बघितलीत.

मी ज्यांच्याकडं करायचं ठरवलंय ते त्वचारोगाचे एमडी आहेत. त्यांनी पहिल्या भेटीत पुढचं टक्कल बघितलंच नाही. खुर्ची उलटी फिरवली आणि छोटं भिंगाचं यंत्र टेकवून मागचे केस बघत बसले. स्क्रीनवर एकेक गुच्छ दिसत होता, कुठं दोन केस, कुठं तीन. एका चौरस सेंटीमीटरात किती गुच्छ आहेत ते मोजलं, केस जाड की बारीक ते बघितलं, कानांवरचेही बघितले. मागचेच केस बारीक होत चाललेले असतील तर ऑपरेशन करू नये, असं ते म्हणाले. माझे ठीक निघाले. मग विचारलं, वडिलांचं डोकं कसं आहे? मी म्हटलं, सांगता येत नाही, आण्णा टोपी काढत नाहीत. ते हसले, पण फोटो आणा म्हणाले. आजोबांचा आणि मामांचाही. टक्कल आईकडूनही येतं, त्यामुळं आई, “आमच्या घरात कुणाला नाही” हे तुझं पालुपद इथं चालायचं नाही. थोरल्या मामाला विचार.

त्यांचा हिशेब असा. माझ्या मागच्या भागातून जन्मभरात साधारण पाच हजार गुच्छ, मागं विरळ न दिसता काढता येतील. त्यातले आत्ता बावीसशे, फक्त कपाळ आणि त्याच्या लगतचा भाग. माथ्यावरच्या भोवऱ्याला हात लावायचा नाही. त्यांनी आखलेली रेघ त्या मुलीच्या रेघेपेक्षा बोटभर वर होती आणि दोन्ही कोपरे मागं गेलेले. मला आधी आवडली नाही. ते म्हणाले, ही रेघ पन्नाशीतही तुमच्याच चेहऱ्यावर असणार आहे.

आता पद्धत. जाहिरातीत नावं इतकी असतात की डोकं गरगरतं, पण केस काढायच्या पद्धती मुळात दोनच. एक एफयूटी. यात मागून कातडीची एक लांब पट्टी काढतात, जखम शिवतात आणि पट्टीतले गुच्छ मायक्रोस्कोपखाली वेगळे करतात. मुळं कमी तुटतात, पण मागं एक आडवा व्रण राहतो. दुसरी एफयूई, यात एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पोकळ सुईनं एकेक गुच्छ सुटा काढतात. टाके नाहीत, बारीक ठिपके राहतात. पण हात चुकला तर मूळ आतच कापलं जातं, आणि तो केस ना मागं राहिला ना पुढं लागला. ‘डीएचआय’ म्हणजे काढलेला गुच्छ पेनासारख्या साधनानं बसवायचा, काढायचा एफयूईनंच. ‘सफायर’ म्हणजे चिरा पाडायचं पातं नीलमण्याचं. पातं चांगलं असेलही, पण चिरेचा कोन आणि केसाची दिशा हातानंच ठरते. त्यासाठी चाळीस हजार जास्त मागणाऱ्याला मी नमस्कार केला.

एका प्लास्टिक सर्जननं मला एफयूटीच सुचवली होती. माणूस अनुभवी, आणि त्यांचं म्हणणंही पटण्यासारखं. लांब केस ठेवणाऱ्याला व्रण दिसत नाही आणि आजूबाजूचे केस पुढच्या खेपेसाठी शाबूत राहतात. पण मी केस बारीक कापतो, फौंड्रीतल्या उन्हाळ्यात दुसरा इलाजच नाही. आणि सेफ्टी हेल्मेटचा पट्टा नेमका त्याच जागी घासतो. म्हणून एफयूई. पुढं कधी दुसऱ्यांदा लागलंच, तर पट्टीचा मार्ग शिल्लक आहे.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, तुमचा स्वतःचा हात कुठं कुठं असणार? गुच्छ काढणं आणि चिरा पाडणं ते स्वतः करणार, चिरांत गुच्छ बसवायचं काम दोन मदतनीस त्यांच्यासमोर करणार. काढलेले गुच्छ थंड सलाईनमध्ये ठेवतात, कारण हवेवर सुकले की मेले. दिवसाला एकच रुग्ण घेतात. तीन जुन्या रुग्णांशी, त्यांची परवानगी घेऊन, बोलणं करून दिलं. त्यातल्या एकाला मी रंकाळ्यावर भेटलो, चार वर्षांपूर्वी केलेला. वारा सुटला होता आणि त्याचे केस वाऱ्यानं उडत होते. मी बेशरमासारखा अगदी जवळून बघितलं. पुढच्या ओळीत एकेकटे केस, जाड गुच्छ मागं. सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

ऑपरेशननं टक्कल थांबत नाही, हेही ऐकून ठेवा. लावलेले टिकतात, मधले मूळचे गळतच राहतात. त्यासाठी मिनॉक्सिडिल डोक्याला आणि फिनास्टेराइडची गोळी, गेल्या वर्षापासून चालू आहे आणि पुढंही राहणार. गोळीनं थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. मला काही झालेलं नाही. आई, हे वाक्य वाचून पुढं जा. आपल्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटची इंजेक्शनं डोक्यात देतात, ती मात्र मी घेणार नाही. डॉक्टर म्हणाले फायदा होईल याची खात्री नाही, मग खात्री नसलेल्याला पैसे कशाला. सिगारेट-तंबाखू आधी बंद करावी लागते, त्यानं जखमेकडचा रक्तपुरवठा कमी होतो. हे मला लागू नाही, पण आण्णा, तुम्ही दोनदा वाचलंत तरी हरकत नाही.

खर्च सगळा मिळून दीड लाखाच्या आत बसतो, पक्क्या पावतीसह. मेडिक्लेममध्ये हे येत नाही. बोनस आणि साठवलेलं धरून होतंय, सोसायटीचं कर्ज काढणार नाही. दुप्पट पैसे देतोय म्हणून मामा नाराज होईल. त्याला माझं नाव सांग.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरवलाय. कंपनीत रजा टाकली आहे, ओतकामाचे साचे फोडतात त्या शेकआऊटच्या वाळूत आणि धुरात ताज्या जखमा घेऊन उभं राहता येणार नाही. पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून झोपायचं. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला कपाळ सुजतं, सूज डोळ्यांपर्यंत उतरते आणि आपोआप जाते. खपल्या दहा-बारा दिवसांत निघतात. आई, तेव्हा खोबरेल घेऊन येऊ नकोस.

खरा घोळ पुढं आहे. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून पडतात, मुळं आत राहतात. नवे यायला तीन-चार महिने, पुरतं दिसायला वर्ष. म्हणजे जोतिबाच्या चैत्र यात्रेला मी येईन तेव्हा माझं डोकं आत्तापेक्षा उघडं असेल. पैसे बुडाले म्हणून वाड्यात जाहीर करायचं नाही. आणि स्थळाला फोटो पाठवायचाच असेल तर आत्ताचाच पाठव. वर्षभर थांबून केसांसकट पाठवायचा तुझा बेत मला चालणार नाही, मुलीला डोकं आधीच माहीत असलेलं बरं.

आता दोन कामं. देवघराच्या खोलीतल्या ट्रंकेत आजोबांचा साखर कारखान्याच्या सभेतला फोटो आहे, त्यात त्यांनी फेटा काढून हातात धरलाय. त्याचा आणि थोरल्या मामाचा, असे दोन्ही फोटो धाकट्याला मोबाइलवर काढून पाठवायला सांग. आण्णा, तुम्हीही टोपी काढून एक द्या, मागचा आणि वरचा. डॉक्टरांशिवाय कुणाला दाखवणार नाही.

आणि ऊस जानेवारीत गेला असेल तर तुम्ही त्या आठवड्यात इकडं या. सकाळी आठला सुरू होऊन संध्याकाळ होते, आणि परत येताना मला गाडी चालवता येणार नाही. तोड लांबली तर आधी कळवा, म्हणजे रूमवरच्या पोराला रजा टाकायला सांगतो.

तुमचा,
सुहास