पसंतीक्रम भरण्याआधी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल ताटावरून उठून गेलीस आणि आत्याकडे पोचल्याचा फोनही आईलाच केलास. इलेक्ट्रिशियन नको असं मी म्हटलं नव्हतं, कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड, तो पण बघ एवढंच म्हटलं होतं. असू दे. आयटीआयचा फॉर्म भरायचाच आहे तर नीट भर.

पहिल्या नंबरला जी आयटीआय आणि जो ट्रेड टाकशील, तोच पहिल्या फेरीत लागला तर प्रवेश घ्यावाच लागतो. सोडलास तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मैत्रिणीनं फिटर वर टाकला म्हणून तू टाकू नकोस. मुलींना 30 टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे हवं तेच वर ठेवायला घाबरू नकोस.

कोपा एका वर्षाचा. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन दोन-दोन वर्षांचे. वायरमनला भर घरच्या आणि इमारतीच्या वायरिंगवर. इलेक्ट्रिशियनला त्यापलीकडे मोटर, ट्रान्सफॉर्मर, स्टार्टर, कंट्रोल पॅनल येतं, म्हणून कारखान्यात मेंटेनन्सला त्यालाच मागणी. पास झालीस की थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नाहीतर अ‍ॅप्रेंटिस कर. 1961 च्या कायद्यानं विद्यावेतन मिळतं आणि त्याचं वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्रही. हजेरी 80 टक्के लागते, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. पावसाळ्यात एसटीचं कारण तिथे चालणार नाही.

मिक्सरचे कार्बन ब्रश तू स्वतः बदललेस, हे मी अजून लोकांना सांगत फिरतो. पण मिक्सर प्लग काढून उघडता येतो, पॅनलचं तसं नसतं.

खिशातल्या टेस्टरवर विसंबू नकोस. त्यातला छोटा निऑन दिवा पेटायला तुझ्या अंगातून जमिनीकडे थोडा करंट जावा लागतो. लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभी असशील तर तो जेमतेम मिणमिणतो, उन्हात तर दिसतही नाही. लाइन चालू, टेस्टर गप्प. व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर घे. आधी तो चालू पॉइंटवर लावून बघ, मग बंद केलेल्या ठिकाणी, आणि मग पुन्हा चालू पॉइंटवर, कारण मधेच मीटरनं दगा दिला तरी आकडा शून्यच दिसतो. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही बघ. न्यूट्रल कुठे तुटली असेल तर दिवा लागत नाही, पण बटण चालू असलं की त्याच दिव्यातून फेज येऊन तुटलेल्या टोकावर बसलेली असते. ‘काळी वायर आहे, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या शेजारी कामाला उभी राहू नकोस. मेन बंद केली तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंतच राहतात. सुरेशच्या वेळी घर अंधारात होतं, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की लाइन बंद आहे. आजी त्यानंतर वर्षभर बटणाला हात लावत नव्हती, वहिनी तर

असो. हे सगळं तिथे शिकवतीलच, मी उगाच आधीपासून मास्तरकी करतोय. राग मानू नकोस. पण बंद केलेल्या एमसीबीला, म्हणजे बोर्डावरच्या त्या लाइनच्या ब्रेकरला, कुलूप लावून किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, एवढं तरी ऐक. पाटी लावली तरी कोणीतरी येऊन वर करतोच.

अर्ज नुसता ऑनलाइन भरून भागत नाही, मूळ कागद घेऊन आयटीआयत जाऊन तो निश्चित करावा लागतो. त्याशिवाय गुणवत्ता यादीत नाव येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका हिरव्या फाइलीत आहेत. जातीचा दाखला आईकडे. तू आलीस की जाऊ, मी पहिल्या पाळीला आहे, दुपारी मोकळा असतो.

कोपा दुसऱ्या नंबरला तरी टाक. नको वाटलं तर राहू दे.

तुझा,
बाबा