दम एक, दुखणी दोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्हाताऱ्या माणसाने ‘दम लागतोय’ म्हटलं की घरचे हातात पंप देतात. पण हृदय वाढलेलं आणि जोडीला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल, तर दम नेमका कशाचा हे आधी ओळखायला हवं. फुप्फुसाचा असेल तर पंप. हृदयाचा असेल तर अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी.

एक्स-रेवर विसंबू नये. हृदयाची सावली छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठी दिसली की हृदय वाढलं असं धरतात. सीओपीडीत हवा अडकून फुप्फुसं फुगतात, श्वासपटल खाली जातं आणि हृदय उभट दिसतं; वाढलेलं हृदयही मग नॉर्मल वाटतं. उलट, खाटेवर झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये धडधाकट हृदयही मोठं दिसतं. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) दोन्ही कराव्यात. मात्र फुप्फुसांत पाणी साचलेलं असताना स्पायरोमेट्री नको, आकडे चुकतात.

घरी वजनकाटा हवाच. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहावं. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं, नडगीवर बोट दाबल्यावर खळगा राहिला, रात्री एकाऐवजी तीन उशा लागू लागल्या, तर पाणी साचतंय. कफ वाढून हिरवा-पिवळा झाला तर फुप्फुसाकडे पाहावं. कधी दोन्ही एकदम बिघडतं.

औषधांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. पंपातलं साल्ब्युटामॉल वरचेवर ओढलं की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, पाणी काढणाऱ्या फुरोसेमाइडनेही उतरतं, आणि ठोके बिघडतात. बिसोप्रोलोल किंवा मेटोप्रोलोल ही हृदयाची औषधं ‘दम वाढेल’ या भीतीने परस्पर बंद करू नये. सीओपीडीत ती सहसा सोसतात. काचबिंदूचे टिमोलोल थेंब मात्र श्वासनलिका आवळू शकतात, आणि डोळ्यांचं औषध छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं कुणाला सुचतच नाही! गुडघेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकं अंगात पाणी धरून ठेवतात.

शेवटचं ऑक्सिजनचं. सीओपीडीत रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असेल, तर बोटावरच्या यंत्रात 88 ते 92 टक्के पुरेसे असतात. 98 दिसावेत म्हणून काळजीपोटी घरचे नळीतला ऑक्सिजन वाढवतात, कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो, डोकं दुखतं, गुंगी येते. अशा वेळी ‘आज शांत झोप लागली’ म्हणून सोडून देऊ नका. हलवून उठवा, नीट जाग येत नसेल किंवा बरळत असतील तर लगेच रुग्णालयात न्या.

आपला,
एक छातीविकारतज्ज्ञ